क्लाउडवरचा संगणक : सालदार ठेवावा की रोजंदार लावावा?



आपल्या उसाची नोंद, लागणीची तारीख, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन आणि बिलाची रक्कम मोबाईलवर दिसावी, ही मागणी आता सगळीकडे होते. २०२२ साली साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊसनोंदणी’ हे ॲप आणले आणि ऊसनोंद मोबाईलवरून करण्याची सोय झाली. कारखान्याला स्वतःची अशी सोय करायची तर संगणक भाड्याने घ्यावा लागतो. ते भाडे शेवटी तुमच्या उसाच्या पैशातूनच जाते. म्हणून अशी दरपत्रके समोर आली तर काय पाहावे आणि काय विचारावे, ते या पाठात समजून घेऊ.

क्लाउड म्हणजे काय?

नावात ढग असला तरी हा संगणक जमिनीवरच असतो. मोठ्या कंपन्या इमारती बांधून त्यांत हजारो संगणक चोवीस तास चालू ठेवतात आणि त्यांचा थोडा थोडा भाग भाड्याने देतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे ही सोय सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईत केली. म्हणजे देवळीच्या सभासदाची नोंद परदेशात ठेवण्याची गरज उरलेली नाही. दरपत्रकात “माहिती भारतातच राहील” असे स्पष्ट लिहून घ्यावे.

दोन प्रकार

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदार ठरतो. रक्कम ठरलेली, कामे ठरलेली. वावरात काम असो नसो, त्याचे साल चालूच. कापूस वेचायला मात्र आपण रोजंदार लावतो. लागतील तेवढी माणसे आणायची आणि झाल्या कामाचे पैसे द्यायचे. पण हजेरी ठेवायला घरचे माणूस उभे पाहिजे, नाही तर हिशेब हाताबाहेर जातो.

क्लाउडचेही तसेच आहे. साधी सेवा ही सालदारासारखी. ॲमेझॉनची ‘लाइटसेल’ ही अशी सेवा नोव्हेंबर २०१६ मध्ये आली, तेव्हा तिचा सुरुवातीचा दर महिना ५ डॉलर होता. डिजिटल ओशन कंपनीची बंगळुरातील सेवाही साधारण याच पठडीतली. एका ठरलेल्या मासिक भाड्यात संगणक, साठवण आणि ठरावीक माहितीची ने-आण एवढे मिळते.

प्रगत सेवा ही रोजंदारीसारखी. ॲमेझॉनची ‘ईसी-टू’ २००६ पासून आहे. तीत संगणक, साठवण, ने-आण, पत्ता अशा प्रत्येक गोष्टीचा वेगळा मीटर चालतो. गर्दी वाढली की यंत्रे आपोआप वाढतील, अशी व्यवस्था करता येते. पण ती करणारा जाणकार माणूस पदरी लागतो.

आपली गरज किती?

याचा हिशेब कागदावर मांडून पाहू. समजा, उसाच्या १० हजार नोंदी आहेत. गट नंबर, जात, लागण, क्षेत्र, वजन, तारीख एवढे लिहायला एका नोंदीला दोन किलोबाइट जागा धरली, तरी सगळ्या मिळून सुमारे २० मेगाबाइट होतात. मोबाईलवर काढलेल्या पाच-सहा फोटोंएवढीच ही जागा झाली. अशा कामाला साधी सेवा पुरते.

मग प्रगत सेवा कोणाला लागते? बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसावर जो प्रयोग केला, त्यात उपग्रहाची चित्रे, हवामान आणि जमिनीतील सेन्सरची माहिती एकत्र करून शेतकऱ्याला सल्ला दिला जातो. तिथे माहितीचे डोंगर असतात आणि आकडेमोडही भारी असते. तसे काम आपण काढले तर प्रगत सेवा जरूर घ्यावी. नुसती नोंद आणि वजन दाखवायला ती घेऊ नये.

करारापूर्वी या बाबी पाहाव्यात

१) लहानापासून सुरुवात करावी. लाइटसेलमध्ये लहान संगणकाची प्रत घेऊन तीवरून मोठा उभा करता येतो, पण त्याच रीतीने मोठ्यावरून लहान करता येत नाही. पुढे कमी पडले तर ती प्रत ईसी-टूवरही नेता येते.

२) हंगाम संपल्यावरचे भाडे विचारावे. लाइटसेलचा संगणक नुसता बंद ठेवला तरी भाडे चालू राहते. तो काढून टाकला तरच थांबते. ईसी-टू बंद ठेवला तर यंत्राचे भाडे थांबते, साठवणीचे चालू राहते. फक्त गाळपाच्या दिवसांत लागणारे जड काम असेल, तर रोजंदारी स्वस्त पडू शकते. सभासदांची नोंद मात्र बारमाही लागते, तिला सालदारच बरा.

३) ‘ठरलेले भाडे’ म्हणजे अमर्याद वापर नव्हे. लाइटसेलमध्ये मुंबईसाठी ने-आणीची मर्यादा इतर बहुतेक ठिकाणांच्या निम्मी आहे. मर्यादेबाहेर बाहेर गेलेल्या माहितीला जादा पैसे पडतात. प्रगत सेवेत खर्चाचा इशारा लावता येतो, पण नुसत्या इशाऱ्याने वापर थांबत नाही. डॉलरमधील दराचे रुपये आणि त्यावरील जीएसटी धरूनच तुलना करावी.

४) दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असावी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या संगणकगृहाला आग लागून एक इमारत जळाली. ज्यांची प्रत दुसरीकडे नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांची माहिती कायमची गेली. साधी असो की प्रगत, प्रत ठेवण्याची सोय मुद्दाम चालू करावी लागते, तिचे पैसेही वेगळे पडतात. वर्षातून एकदा तरी त्या प्रतीवरून नोंदी परत उभ्या करून पाहाव्यात.

५) खाते कारखान्याच्या नावावर हवे. काम करणाऱ्या ठेकेदाराच्या ईमेलवर खाते असेल, तर तो गेला की किल्ली त्याच्याकडेच राहते. सभासदांचे बँक खाते व फोन नंबर त्यात असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती माहिती सांभाळण्याची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

या नोंदीवर काय अवलंबून आहे?

लागणीची तारीख आणि जात यांवरून तोडणीची पाळी लागते. ती नोंद हरवली तर तयार ऊस वावरात उभा राहतो आणि वजन घटते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते. हे १४ दिवस मोजायचे ते काट्यावरच्या तारखेवरूनच. ती तारीख आणि वजन म्हणजे सभासदाच्या हक्काचा पुरावा आहे.

तेव्हा साधी सेवा घेऊन जे पैसे वाचतील, ते दुसरी प्रत ठेवण्यावर आणि आपल्याच माणसाला हे काम शिकवण्यावर खर्च करावेत. कोणी महाग सेवा सुचवली, तर “आमच्या कोणत्या कामाला ती लागते?” एवढे वार्षिक सभेत उभे राहून जरूर विचारावे.

आणि संगणक कोणताही असो, लागणीच्या नोंदीची व काट्याची पावती प्रत्येकाने घरच्या पेटीत जपून ठेवावी.

— ऊस विकास अधिकारी