खूणभाषेचे घटकसंच
सातबारा हा एकच कागद दिसत असला, तरी त्यात गाव नमुना सात व गाव नमुना बारा असे दोन स्वतंत्र नमुने एकत्र आलेले असतात, हे शेतकरीवर्गास ठाऊक आहे. गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्याचीही हीच गोष्ट. प्रत्येक नमुन्याचे रकाने ठरलेले असतात. हवे ते नमुने जोडावेत, परंतु सोयीसाठी एखाद्या नमुन्यातील रकाने गाळू नयेत, असा हा व्यवहार आहे. संगणकावरील पानांच्या भाषेस अशीच शिस्त लावण्याचा प्रयत्न २००१ साली झाला.

जाळ्यावरील पाने ज्या भाषेत लिहिली जातात ती एचटीएमएल ही खूणभाषा होय. मजकुराचा कोणता भाग मथळा, कोणता परिच्छेद व कोणता तक्ता, हे ती खुणांनी दर्शविते. १९९९ च्या अखेरीस तिची ४.०१ ही आवृत्ती प्रमाण ठरली, त्या वेळी तिचा पसारा बराच वाढलेला होता. टेबलावरील संगणकास तो पेलत असे. लहान पडदा व तुटपुंजी स्मृती असलेल्या तत्कालीन मोबाइल फोनला मात्र तो पेलणे कठीण होते. मग काटछाट सुरू झाली. जपानमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या आय-मोड सेवेने एचटीएमएलचे संक्षिप्त रूप स्वीकारले, तर वॅप पद्धतीने डब्ल्यूएमएल ही निराळीच भाषा पुढे आणली. एका यंत्रासाठी लिहिलेले पान दुसऱ्यावर उमटेल याची शाश्वती उरली नाही, आणि तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहिण्याची पाळी आली.

१९९४ साली स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने जानेवारी २००० मध्ये ही भाषा एक्सएमएलच्या काटेकोर नियमांत बसवून तिला एक्सएचटीएमएल हे नाव दिले. त्यानंतर १० एप्रिल २००१ रोजी तिचे घटकसंच, म्हणजेच मॉड्यूल, पाडण्याची पद्धत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली.

या पद्धतीत पानाची रचना, मजकूर, दुवे व याद्या हे चार संच अनिवार्य आहेत. त्यांच्यावाचून कोणत्याही भाषेस या कुटुंबातील पूर्ण भाषा म्हणविता येत नाही. चित्रे, तक्ते, प्रपत्रे इत्यादी संच गरजेप्रमाणे घ्यावयाचे असतात. मात्र जो संच घ्यावयाचा तो संपूर्ण घ्यावा लागतो. त्यात भर घालता येते, वजाबाकी करता येत नाही. सर्व योजनेचे मर्म या एका नियमात आहे. याच कारणास्तव तक्त्यांचे दोन संच करण्यात आले. लहान संचात पाचच खुणा आहेत: तक्ता, त्याचे शीर्षक, ओळ, शीर्षकाचा रकाना व साधा रकाना. मोठ्या संचात दहा आहेत. ज्यास थोडे हवे त्याने मोठा संच फोडावयाचा नाही, लहान उचलावयाचा.

हे संच एकमेकांस जोडले कसे जातात, हेही पाहण्यासारखे आहे. परिच्छेदाच्या व्याख्येत ‘आत चित्र चालेल’ असे थेट लिहिलेले नसते. ‘ओळीत बसणाऱ्या सर्व खुणा चालतील’ एवढेच म्हटलेले असते. चित्रांचा संच सामील झाला की चित्राची खूण त्या गटात आपोआप दाखल होते. जुन्या संचास हात लावावा लागत नाही. प्रत्यक्ष व्याख्येच्या फायलीत प्रत्येक संचापुढे ‘घ्या’ किंवा ‘वगळा’ या अर्थाचा एक शब्द असतो. तो बदलला की भाषेचा आकार बदलतो.

लहान यंत्रांसाठीची एक्सएचटीएमएल बेसिक ही भाषा डिसेंबर २००० मध्ये अशा अकरा संचांतून सिद्ध झालेली होती. तीत चौकटी म्हणजे फ्रेम नव्हत्या, स्क्रिप्टही नव्हती. पुढे फोन सुधारले, तेव्हा जुलै २००८ मधील १.१ आवृत्तीत प्रपत्रांचा लहान संच काढून मोठा बसविण्यात आला व स्क्रिप्टचा संच जोडण्यात आला. योजनेची खरी कसोटी हीच होती, आणि तीत ती उतरली.

तरीही जाळ्यावर तिचा अंमल टिकला नाही. एक्सएमएलच्या नियमानुसार एक खूण बंद करावयाची राहिली तरी ब्राउझर पान दाखविण्याऐवजी चूक दाखवितो. सर्वसामान्य लेखकास ही शिक्षा फारच कडक वाटली, आणि ती होतीही. शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर या त्या काळी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरने आठव्या आवृत्तीपर्यंत अशी पाने त्यांच्या मूळ स्वरूपात स्वीकारलीच नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ प्रमाण ठरली, ती पुन्हा एकसंध भाषा म्हणूनच. संच पाडण्याची रीत मात्र तोवर दुसरीकडे रुजली होती. २००७ साली ई-पुस्तकांसाठी ईपब २ हे प्रमाण ठरविताना पुस्तकाच्या मजकुरासाठी एक्सएचटीएमएलचे निवडक घटकसंचच घेण्यात आले.