विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ: गाणे आधी, कॅमेरा नंतर

म्युझिक व्हिडिओमध्ये आवाज आधी पूर्ण होतो आणि चित्र मागून येते. कथापटात प्रसंग लांबला तर पार्श्वसंगीत लांबवता येते, इथे ती सोय नाही. गाणे तीन मिनिटे चाळीस सेकंदांचे असेल तर चित्रही तेवढेच, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीला जे दिसायचे ते त्याच क्षणी दिसायला हवे. भारतीय चित्रपटसृष्टीला ही शिस्त जुनी आहे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूप छाँव’ काढली, तेव्हापासून पार्श्वगायन रुजत गेले. पुढे गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि सेटवर वाजवून त्यावर ओठ हलवायचे, हा रिवाज पक्का झाला. माध्यमशिक्षण घेणारे विद्यार्थी अशी गाणी पाहतच वाढलेले असतात. तरी प्रकल्प हाती आला की पहिली चर्चा कॅमेऱ्याची होते: कोणाकडे कोणता आहे, गिंबल मिळेल का, ड्रोन कोणाचा मागायचा. गाण्याची फाइल शेवटी कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. फसलेल्या बहुतेक प्रकल्पांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

गाणे निवडताना पहिला प्रश्न आवडीचा नसून मालकीचा असतो. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगवेगळे हक्क असतात व ते तिघांकडे असू शकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. ‘अभंग आहे, तेव्हा मोफत आहे’ ही समजूत विद्यार्थ्यांत फार पसरलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाचा हक्क नाही. पण ‘अभंग तुकयाचे’ या अल्बममधल्या चाली श्रीनिवास खळे यांच्या आहेत. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्या चालींवरचा हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत राहील. लता मंगेशकरांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण ही आणखी वेगळी मालमत्ता. अध्यापनाच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या वापराला कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सवलत आहे. त्यामुळे वर्गात परीक्षकांपुढे दाखवण्याला सहसा अडचण येत नाही. तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की सवलतीचा आधार सुटतो. तिथली स्वयंचलित यंत्रणा गाणे ओळखते आणि हक्कधारकाच्या इच्छेप्रमाणे व्हिडिओ अडवला तरी जातो किंवा व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे हक्कधारकाकडे वळतात.

यावर सर्वांत सुटसुटीत उपाय म्हणजे ओळखीतल्या गायकाचे किंवा महाविद्यालयातल्याच बँडचे नवे गाणे घेणे. कवी, संगीतकार आणि गायक तिघांची एका कागदावर लेखी संमती घ्यावी. मैत्रीत कागद कशाला, हा संकोच नेमका मैत्री बिनसते तेव्हा महागात पडतो. गाण्याचे अंतिम मिश्रण हाती आल्याशिवाय चित्रीकरणाची तारीख ठरवू नये. डेमोवर चित्रीकरण उरकले आणि संगीतकाराने नंतर लय किंचित वाढवली किंवा म्युझिक पीस दोन मात्रांनी कमी केला, तर सगळे ओठ वाया जातात. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात मागावी आणि सेटवर व संकलनात तीच एक वापरावी.

कल्पना लहान असावी. २००६ मध्ये ‘ओके गो’ या अमेरिकी बँडने ‘हिअर इट गोज अगेन’साठी ट्रेडमिल मांडून, एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोर सलग एकाच शॉटमध्ये नाच केला. त्या व्हिडिओला ग्रॅमी मिळाले. त्यात कथा नाही, महागडी स्थळे नाहीत, तालीम मात्र भरपूर आहे. विद्यार्थ्यांचे आराखडे बहुधा उलट्या टोकाला असतात: प्रेमभंग, अपघात, आठवणी, पाऊस आणि शेवटी समुद्रकिनारा, सगळे चार मिनिटांत. अशा आराखड्यात गाणे ऐकूच येत नाही. त्याऐवजी वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात सेकंद, दुसऱ्यात शब्द किंवा वाद्य, तिसऱ्यात पडद्यावर काय दिसेल ते. मुखडा, अंतरा, म्युझिक पीस, पुन्हा मुखडा असे भाग पडले की कल्पना कुठे कमी पडते ते आपोआप दिसते. ती जागा बहुतेक वेळा दुसरा अंतराच असते, कारण पहिल्यात सांगण्यासारखे सगळे सांगून झालेले असते.

चित्रीकरणाच्या दिवशी सर्वांत दुर्लक्षित वस्तू स्पीकर असते. गायकाला गाणे स्पष्ट ऐकू आले पाहिजे, आणि त्याने नुसते ओठ न हलवता मोठ्याने गायले पाहिजे. गळ्याच्या शिरा, घेतलेला श्वास, तानेवर आखडलेला जबडा या गोष्टी मूक अभिनयात येत नाहीत आणि प्रेक्षकाला ती खोटेपणाची खूण लगेच कळते. प्लेबॅकच्या फाइलीत गाण्याआधी लयीतल्या चार टिचक्या घालून ठेवाव्यात, म्हणजे पहिला शब्द उशिरा पडत नाही. स्पीकर गायकाजवळ असावा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकर १४ मीटर दूर असला की आवाज सेकंदाच्या पंचविसाव्या भागाने, अर्थात पूर्ण एका फ्रेमने उशिरा पोचतो. ब्लूटूथ स्पीकरचा उशीर याहून मोठा असतो. मात्र गायक आणि कॅमेऱ्याचा माइक दोघेही तोच स्पीकर ऐकत असल्याने ओठांची जुळणी त्याने बिघडत नाही. बिघडते ती जोडणी मध्येच तुटल्याने, म्हणून साधी वायर बरी. कॅमेऱ्यातला कच्चा आवाज कधीही बंद करू नये. अंतिम व्हिडिओत तो नसतो, पण संकलनात फिती जुळवायला तोच उपयोगी पडतो.

संथगतीचा मोह सर्वांनाच असतो. गायक गात असतानाचे चित्र नुसते संथ केले तर ओठ शब्दांच्या मागे पडतात. त्याची युक्ती जुनी आहे: सेकंदाला ५० फ्रेमने चित्रीकरण करायचे, सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे आणि गायकाने त्या वेगाने गायचे. मग चित्र २५ फ्रेमच्या गतीला आणले की केस आणि पदर संथ हलतात, ओठ मात्र बरोबर पडतात. दुप्पट वेगाने गाण्याची तालीम घरूनच करून यावी लागते.

मोबाइलवर चित्रीकरण करण्यात कमीपणा काही नाही, त्याच्या स्वयंचलित सवयी मात्र मोडाव्या लागतात. अनेक फोन फ्रेमगती प्रकाशाप्रमाणे बदलत राहतात. अशी फीत संकलनात हळूहळू गाण्यापासून सरकते, आणि सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटच्या मुखड्यापर्यंत सुटतात. स्थिर फ्रेमगती देणारे अ‍ॅप वापरावे, ते नसेल तर संकलनाआधी फीत स्थिर गतीत रूपांतरित करून घ्यावी. एक्स्पोजर आणि रंगसंतुलन लॉक करून ठेवावे. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर ते दिसत नाही, १/६० वर मात्र चित्रात पट्टे सरकू लागतात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे पट्टे नजरेतून सुटतात आणि वर्गातल्या प्रोजेक्टरवर सर्वांना दिसतात.

स्थळांबाबत महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यापुढे दोनच गोष्टी असतात, किल्ला आणि लोकल. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते आणि पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षित वास्तूंवर त्या खात्याची. महाविद्यालयाचे ओळखपत्र दोन्ही ठिकाणी चालत नाही. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत, आणि विमानतळांभोवतीच्या निषिद्ध टापूत मुंबई-पुण्याचा बराच भाग येतो. गच्ची, वाडा, गावचे शेत, बंद पडलेले गोदाम अशा ज्या जागी मालकाचा होकार पुरतो, त्या निवडाव्यात. तिथे निवांतपणे दहा वेळा गाणे वाजवता येते, आणि तेच खरे भांडवल.

प्रत्येक स्थळी आधी संपूर्ण गाणे पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत चित्रित करावे: एकदा लांबून, एकदा कमरेपासून वर, एकदा चेहरा. कथेचे तुकडे त्यानंतर. हा क्रम कंटाळवाणा वाटतो म्हणून गट तो उलटा करतात, ऊन उतरते आणि गायकाचे चित्रण अर्धेच राहते. कथेचा एखादा तुकडा नसला तर संकलनात निभावते, गायकाच्या चेहऱ्याशिवाय निभावत नाही. दिग्दर्शक एकच असावा. पाच मित्र पाच दिशांनी सूचना देऊ लागले की गायक आधी थकतो आणि मग रुसतो. कपडे, दाढी, टिकली यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण दुसरा चित्रीकरणाचा दिवस क्वचितच ठरल्या वेळी येतो.

संकलनात जुळणी तपासायला मराठी वर्णमालेचीच मदत होते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. ‘माझ्या’, ‘पाऊस’, ‘भेट’ असे शब्द शोधून त्या फ्रेमला ओठ मिटलेले आहेत का ते पाहावे. एका फ्रेमची चूकही तिथे सापडते. दुसरा दोष प्रत्येक ठोक्यावर कट देण्याचा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या साडेतीन मिनिटांच्या गाण्यात ४२० ठोके असतात. त्या प्रत्येकाला चित्र बदलले तर पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. शब्दावर, श्वासावर किंवा वाद्य बदलते तिथे कट द्यावा, आणि चांगला शॉट ठोका ओलांडून पुढे जाऊ द्यावा.

बऱ्याच अभ्यासक्रमांत व्हिडिओसोबत अनुभवलेखन मागतात, आणि गुण अनेकदा तिथे जातात. ‘खूप मजा आली, खूप शिकायला मिळाले’ यात तपासणाऱ्याला काही हाती लागत नाही. कोणता निर्णय कधी घेतला, पर्याय कोणते होते, परिणाम पडद्यावर कुठल्या सेकंदाला दिसतो, हे लिहावे. ‘दुसऱ्या अंतऱ्यात गच्चीचे चित्रण कमी पडले म्हणून हातांचे जवळचे शॉट घेतले’ हे एक वाक्य पानभर भावनांपेक्षा मोलाचे. असे लेखन आठवणीतून होत नाही, म्हणून चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवशी रात्री चार ओळी टिपून ठेवाव्यात. व्हिडिओ सुपूर्द केल्यावर कच्चे चित्रण, संकलनाची फाइल आणि संमतीपत्रे निकाल लागेपर्यंत दोन वेगळ्या ठिकाणी जपावीत. पुढे कुठल्या महोत्सवाला पाठवायचे ठरले तर पहिल्यांदा संमतीपत्रांचीच विचारणा होते.