आज्ञेने चालणारी आभासी यंत्रे

एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदतात, ही गोष्ट नवलाची खरी; पण नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ सालीच तशी प्रणाली जाहीर केली होती. या आभासी यंत्रांना ना कळ, ना दिवा. त्यांची खबर आज्ञा लिहूनच घ्यावयाची. लिनक्सवर २००५ सालापासून तयार होत आलेल्या ‘लिबव्हर्ट’बरोबर ‘व्हर्श’ हे आज्ञासाधन मिळते. ‘लिस्ट’ म्हणताच चालू यंत्रांची यादी येते. ‘डोमस्टॅट्स’ म्हणताच प्रत्येकाने किती प्रोसेसर-काळ व स्मृती वापरली त्याचे आकडे. याच आज्ञा प्रोग्राममध्ये गुंफल्या म्हणजे रात्रीचा पहारा आपोआप चालतो.

मात्र दोन आज्ञांतील भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. ‘शटडाउन’ ही विनंती होय. आतील प्रणाली हातचे लेखन पुरे करून मगच थांबते. कधी विनंती ऐकतही नाही! ‘डिस्ट्रॉय’ हे नाव भयंकर, परंतु तिचा अर्थ एकाएकी वीज तोडणे एवढाच. कायम नोंदलेले यंत्र व त्याची डिस्क जागच्या जागी राहतात. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र बिघडू शकते. म्हणून पहारेकरी प्रोग्रामने प्रथम विनंती करावी, थोड्याथोड्या वेळाने ‘डोमस्टेट’ विचारावे आणि ठरविलेली मुदत टळूनही उत्तर ‘रनिंग’ असेच आले, तरच वीज तोडावी.