सांडव्यावरची पोती काढा



रोहिणी निघाल्या की ओढ्याकाठच्या उसाची काळजी सुरू होते. लोंढा गावात आणि मळ्यात शिरू नये म्हणून वर माळाला मातीचा लहान बांध घालतात. १९७२ च्या दुष्काळी कामांवर आपल्याकडे पाझर तलाव पुष्कळ झाले, त्यामुळे बांध म्हटला की पाणी साठवायचे, एवढेच डोक्यात बसले आहे. पुरासाठी घातलेल्या बांधाचे काम उलटे. त्याने रिकामे राहायचे. लोंढा पोटात घ्यायचा आणि तळाच्या मोरीतून बेताबेताने सोडायचा. मोरी बुजवून उसाला पाणी धरले, तर दुसऱ्या लोंढ्याला जागा कुठून आणणार?

बांधाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, तो खाली पक्क्या थरापर्यंत खणलेल्या चरात उतरवलेला. दोन्ही अंगांना मुरमाचा भराव, पाण्याच्या बाजूला दगडाचे अस्तर. असा बांध पाण्याचा दाब सोसतो. माथ्यावरून गेलेले पाणी मात्र सोसत नाही. मागच्या उताराची माती निघू लागते आणि बघता बघता खिंड पडते. म्हणून कडेला, कठीण जमिनीत, माथ्यापेक्षा खाली सांडवा ठेवतात. गुजरातेत मच्छू नदीवरचे दुसरे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच गेले. मधला पक्का सांडवा उभा राहिला, दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले, आणि खाली मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. ते धरण मोठे होते खरे, पण मातीचा गुण तोच.

आणि आपण काय करतो? सांडव्यावर वाळूची पोती रचतो. हातभर पाणी वाढते, उसाची एखादी पाळी निघते. ते हातभर पाणी माथ्याच्या वाट्याचे असते, हे कुणी मनावर घेत नाही.

दुसरी गोष्ट पाझराची. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पायथ्याशी नितळ पाणी दिसले तर लगेच घाबरू नये, पण ते वाढते का यावर नजर ठेवावी. गढूळ आले तर समजा, आतली माती निघते आहे, आत नळी पडते आहे. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. मागाहून खापर खेकड्यांवर फोडले गेले! खेकडे आणि घुशी बिळे करणारच, बाभळीही मुळे घालणारच. ती बिळे बुजवायची आणि रोपटी लहानपणीच उपटायची, हे काम आपले.

गढूळ झरा दिसलाच तर त्याच्या तोंडावर चिकण माती थापू नका. पाणी दुसरीकडून फुटते. आधी वाळू, तिच्यावर खडी टाका, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. तहसीलला तातडीने कळवा. पण त्याही आधी ओढ्याकाठची माणसं नि जनावरं वर हलवा, रात्र असली तरी.