सुलभतेचा भार कोणी उचलावा?

लिनक्स ह्या संगणकप्रणालीविषयी एक समज रूढ आहे: ती विनामूल्य मिळते, भरवशाची असते, पण वापरावयास अवघड. लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत तिचा आरंभ केला. पुढे दीर्घकाळ हा समज अगदीच निराधार नव्हता. असे असता, व्हॉल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणलेला ‘स्टीम डेक’ हा दोन्ही हातांत धरून खेळावयाचा संगणक लिनक्सवरच चालतो, आणि तो वापरण्यासाठी लिनक्सचे नावही ठाऊक असावे लागत नाही. हे कसे साधले, हा प्रस्तुत लेखाचा विषय. खेळण्यावर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र म्हणू नये.

लिनक्सवरील अशी यंत्रे पूर्वीही झाली. दक्षिण कोरियातील ‘जीपी-टू-एक्स’ २००५ साली आले, ‘पँडोरा’ २०१० मध्ये. ती हौशी मंडळींसाठी होती. काय कोठे जुळवावे हे ज्याचे त्याने शोधावे. २०१५ साली व्हॉल्व्हच्या पुढाकाराने ‘स्टीम मशीन’ नावाची, घरी ठेवावयाची यंत्रे निघाली. त्या वेळी विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्ससाठी पुन्हा सिद्ध करण्याचे काम खेळ लिहिणाऱ्या कंपन्यांवर सोडले होते. गिऱ्हाईक थोडे म्हणून खेळ थोडे, आणि खेळ थोडे म्हणून गिऱ्हाईक थोडे. तो प्रयोग फसला.

खरा पालट ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आल्यावर झाला. त्याचा पाया ‘वाइन’ हा, १९९३ पासून अनेकांनी मिळून रचीत आणलेला प्रकल्प. वाइन म्हणजे दुभाषा. आणि दुभाष्याचे काम सीमाभागातील वाचकाला समजावून सांगावयास नको. विंडोजचा खेळ प्रणालीकडे सारखी मागणी करीत असतो: ही फाइल उघड, हा आवाज काढ, येथे त्रिकोण रेखाट. वाइन ती मागणी विंडोजच्या भाषेत ऐकतो आणि लिनक्सकडून पुरी करवून घेतो. चित्रांसाठीची ‘डायरेक्ट-थ्रीडी’ची आज्ञा ‘व्हल्कन’च्या भाषेत उतरविली जाते. त्यासाठी मूळ खेळ पुन्हा लिहावा लागत नाही. जो भार आधी वापरणाऱ्यावर आणि मग लेखकावर होता, तो दुभाष्याने उचलला.

दुसरी युक्ती अधिक साधी आहे, पण मला तीच जास्त आवडते. प्रकाश आणि रंग ह्यांचे गणित करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना ‘शेडर’ म्हणतात. प्रत्येक चित्र-चिपसाठी ते वेगळे सिद्ध करावे लागतात, आणि ऐन खेळात हे काम निघाले की चित्र अडखळते. परंतु सर्व डेक जवळजवळ एकाच घडणीचे. म्हणून एका यंत्रावर सिद्ध झालेले शेडर दुसऱ्याला आयते पाठविता येतात. घरच्या संगणकांत इतकी विविधता असते की तेथे हे सहजी जमत नाही.

तिसरी गोष्ट वादाची आहे. डेकवरील प्रणालीचा मूळ भाग केवळ वाचता येतो, बदलता येत नाही. आज्ञा देऊन कुलूप काढता येते, पण पुढच्या अद्ययावतीकरणात केलेले फेरफार पुसले जाऊ शकतात. काहींना हे लिनक्सच्या स्वभावाविरुद्ध वाटते. मला तसे वाटत नाही, कारण यादीतून ‘डेस्कटॉप’ निवडला की ‘केडीई प्लाझ्मा’चा पूर्ण पडदा समोर येतो, तेथे प्रोग्रॅम लिहावा, निबंध टंकावा, ‘फ्लॅटपॅक’ पद्धतीने हवी ती साधने बसवावी. फक्त छोट्या पडद्यावर बोटाने हे करणे कष्टाचे आहे. कीबोर्ड आणि माउस जोडावाच.

व्हॉल्व्ह खेळांची तपासणी करून शेरा देते: बटनांनी सर्व चालते का, अक्षरे वाचता येतात का, मध्येच अडथळे येतात का. तरीही काही दारे बंदच आहेत. अनेकांनी मिळून खेळावयाच्या कित्येक खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी प्रोग्रॅम असतो, आणि त्याला लिनक्सवर चालू द्यावे की नाही हे खेळाचा मालक ठरवितो. ‘फोर्टनाइट’च्या मालकांनी नकार दिला आहे. येथे दुभाषा कितीही निपुण असला तरी उपयोग नाही. समोरचा बोलावयासच तयार नाही.