मोटारसायकलचा हायड्रॉलिक क्लच : बिघाड कसा ओळखावा?



आमचा धंदा कापडाचा. गिऱ्हाईक ताका घेऊन परत येते आणि "माल खराब आहे" एवढेच सांगते. अशा वेळी दोष सुतात आहे, विणीत आहे की रंगात, हे आधी पाहावे लागते. ते न पाहता सारा ताका बदलून देणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. गाडीच्या दुरुस्तीचेही तसेच आहे. निदान चुकले की खरा दोष जागच्या जागी राहतो आणि खिसा मात्र रिकामा होतो. हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो, म्हणून हा लेख.

आमच्या भाच्याने जुनी पण मोठी मोटारसायकल घेतली. तिचा क्लच केबलचा नव्हता, हायड्रॉलिक होता. काही महिन्यांनी पहिला गियर टाकताना गाडी झटका देऊ लागली, न्यूट्रल सापडेना. एका गॅरेजमध्ये "क्लच प्लेटा गेल्या" असे सांगण्यात आले. इंजिन उघडले, प्लेटांचा नवा संच बसला, मोठे बिल झाले. चार दिवसांनी कुंभारवेशीपाशी लिव्हर पूर्ण दाबलेला असताना गाडी पुढे उसळली आणि एका हातगाडीवाल्याच्या अंगावर जाता जाता राहिली. भाचा दुकानात आला तेव्हा त्याचे हात कापत होते. म्हणाला, "मामू, प्लेटा नव्या टाकल्या, तरी तेच!"

आम्ही त्याला कसबा पेठेतल्या एका वयस्कर उस्तादांकडे नेले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "सेठ, इंजिन नंतर पाहू. आधी लिव्हर काय सांगतो ते ऐका."

यंत्र समजून घ्या

क्लचचे काम इंजिन आणि गियरपेटी यांना जोडणे आणि तोडणे. आपल्या पेठांत फिरणाऱ्या बहुतेक गाड्यांचा क्लच तारेच्या केबलवर चालतो. पुण्याजवळ चाकणला बनणारी आणि २०१२ साली बाजारात आलेली केटीएम २०० ड्यूकही केबलचीच. हायड्रॉलिक क्लच मुख्यतः मोठ्या गाड्यांना असतो. सुझुकी हायाबुसा हे त्याचे माहितीतले उदाहरण.

हायड्रॉलिकमध्ये तारेचे काम द्रव करतो. हँडलवर लहान टाकी व तिच्याखाली मास्टर सिलिंडर असतो. इंजिनाकडे स्लेव्ह सिलिंडर असतो. दोघांना जोडणारी नळी असते. लिव्हर दाबला की द्रव पुढे सरकतो, स्लेव्हचा पिस्टन दांडी ढकलतो आणि प्लेटा सुट्या होतात. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांचा नियम येथे कामाला येतो. मात्र हवा दबते, द्रव दबत नाही. नळीत हवा शिरली की लिव्हरची मेहनत हवा दाबण्यातच संपते आणि प्लेटांपर्यंत पुरेसा जोर पोहोचत नाही.

आधी लक्षण ठरवा

क्लचच्या तक्रारी मुळात दोनच.

पहिली, क्लच पूर्ण सुटत नाही. गियर टाकताना झटका बसतो, न्यूट्रल मिळत नाही, लिव्हर दाबूनही गाडी पुढे सरकते.

दुसरी, क्लच पूर्ण पकडत नाही, म्हणजे घसरतो. दिवे घाटासारख्या चढावर वरच्या गियरमध्ये अॅक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग चढत नाही.

झिजलेल्या प्लेटा घसरतात. भाच्याची गाडी घसरत नव्हती, सुटत नव्हती. म्हणजे प्लेटांची झीज हे कारण नव्हे, हे इंजिन न उघडताच कळायला हवे होते.

क्लच सुटत नसेल तर

१) टाकीतील पातळी पाहा. हँडल सरळ ठेवून काचेतून पाहावी. पातळी उतरली असेल तर गळती कोठेतरी आहेच. नुसता द्रव भरून गाडी हाती देणे म्हणजे फाटक्या पिशवीत धान्य भरणे.

२) लिव्हर दोन-चार वेळा भरभर दाबा. पहिल्या दाबाला मऊ आणि नंतर कडक लागत असेल तर नळीत हवा आहे किंवा द्रव कमी आहे.

३) लिव्हर दाबून धरून ठेवा. तो हळूहळू हँडलकडे बुडत असेल आणि बाहेर कोठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील दाब धरत नाही.

४) ओल शोधा. पुष्कळ गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर पुढच्या चेन-चक्रापाशी, झाकणाआड असतो. तेथे चेनचे तेल व माती साचते, त्यामुळे गळती सहज दिसत नाही. जागा पुसून, लिव्हर दाबून पुन्हा पाहावी.

५) लिव्हर कडक आहे, पातळी बरोबर आहे, गळती नाही, आणि तरीही क्लच सुटत नाही, तेव्हा दोष आत असू शकतो. प्लेटा चिकटलेल्या किंवा वाकलेल्या असतील, अथवा बास्केटला खाचा पडल्या असतील. इंजिन उघडण्याची पाळी येथे येते, आधी नाही.

उस्तादांनी याच क्रमाने पाहिले. पातळी खाली होती. दुसऱ्या दाबाला लिव्हर कडक झाला. झाकण काढताच स्लेव्हखाली ओल दिसली. एका रबरी सीलचा दोष होता!

क्लच घसरत असेल तर

येथेही प्लेटांवर लगेच बोट ठेवू नये. मास्टर सिलिंडरमध्ये द्रव टाकीत परत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते कचऱ्याने बुजले, किंवा नळी आतून फुगली, तर लिव्हर सोडल्यावरही दाब उरतो आणि प्लेटा अर्धवट सुट्या राहतात. लिव्हर सोडलेला असताना स्लेव्हचा ब्लीडर किंचित ढिला करावा. द्रव जोराने उडाला आणि घसरणे थांबले तर दोष वर आहे, प्लेटांत नाही.

एक खूण ध्यानात ठेवा. ब्रेकचे पॅड झिजले की टाकीतील पातळी उतरते. क्लचच्या प्लेटा झिजल्या की दांडी पिस्टनला मागे रेटते आणि पातळी चढते. तेव्हा पातळी चढलेली दिसली तर प्लेटांचा संशय घ्यावा.

इंजिनातील तेलही पाहा. मोटारसायकलचा क्लच सहसा इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीसाठीचे काही तेल घातले तर प्लेटा घसरतात. डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए २" ही खूण पाहूनच घ्यावे.

द्रवाबाबत सावधगिरी

पुष्कळ गाड्यांत "डॉट ४" द्रव असतो, काही गाड्यांत खनिज तेल असते. टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते, ते वाचावे. डॉट द्रवाच्या गाडीत खनिज तेल गेले की रबरी सील फुगून निकामी होतात. डॉट ४ हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. ते रंग खाते, सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

हवा काढताना क्रम चुकवू नये. लिव्हर दाबून धरा, ब्लीडर उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरते. थोडी हवा राहिलीच तर लिव्हर कापडाच्या पट्टीने रात्रभर हँडलला बांधून ठेवावा. बुडबुडे वर चढण्यास त्याने मदत होते.

सील घेण्यास नाना पेठेत जाल तेव्हा जुना सील आणि गाडीचे मॉडेल दोन्ही बरोबर न्या. जुन्या बाजारातून लोखंड घ्या, रबर घेऊ नका.

कारीगर बंधूंसाठी

मोठ्या गाड्या आता आपल्या गल्ल्यांतही येऊ लागल्या आहेत. ज्याला हे निदान येईल त्याच्याकडे काम येईल. ज्याला येणार नाही तो प्लेटा बदलत राहील आणि गिऱ्हाईक गमावील. तांबट आळीतला कारीगर ठोक्याच्या आवाजावर कान ठेवून काम करतो. तसा कान आणि तसा हात आपल्या शागिर्दांना द्यावा.

उस्तादांनी त्या दिवशी सीलचे दाम आणि तासाभराची मजुरी एवढेच घेतले. तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक गाडी त्यांच्याकडे जाते, आणि आमच्या सांगण्यावरून बाजारातल्या इतरांच्याही जातात. खरे निदान करणाऱ्याचा हिशेब असा सावकाश, पण पक्का जमतो.