सर्व्हर विकत घ्यावा की भाड्याने?

प्रश्न : केजमध्ये माझे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. शाळा, दवाखाने, कृषी सेवा केंद्रांच्या वेबसाइटसाठी होस्टिंग सुरू करायचे आहे. जुना सर्व्हर घेऊन दुकानातच ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, केज, जि. बीड

उत्तर : सर्व्हर घेण्याची घाई करू नका. मशीन एकदाच घ्यायचे असते. खरा खर्च ते चोवीस तास चालू ठेवण्याचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. बंद शटरमागे मशीन किती तापेल, याचा विचार करा. रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, की सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट एकदम बंद. रस्त्याच्या कामात फायबर तुटली तरी तेच.

सुरुवातीला मुंबई किंवा नवी मुंबईच्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा आभासी हिस्सा) महिन्याच्या भाड्याने घ्या. गिऱ्हाइके वाढली, की पूर्ण सर्व्हर. स्वतःचेच मशीन हवे असेल, तर तेही तिथेच ठेवायला द्या. जुने घेताना ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम आणि दोन डिस्कचे रेड (दोन्ही डिस्कवर तीच माहिती ठेवणारी जोडणी) पाहा. डिस्क मात्र नव्याच घाला. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप रोज, दुसऱ्या ठिकाणी, आणि महिन्यातून एकदा तो परत उतरवून पाहायचाच.

कायद्याकडेही लक्ष द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. पहिली पाच गिऱ्हाइके सहा महिने नीट सांभाळा. सर्व्हर घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.